नापास दुधाची बाटली

"तुमी आष्टीच्या डेअरीतल्या, टेस्टिंगच्या मॅडम ना?"

मी नगरच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर वाकून चूळ भरत होते. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि डोक्यावरचा स्कार्फ कानावर घसरला होता. अशा अवतारात ओळख द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"नाही," मी मान वर न करता म्हणाले.

"असं? मग लई सारख्या दिसता. त्या मॅडमनी माझं चाळीस लिटर दूध वापस पाठवलतं."

आता मात्र मी वर पाहिलं. रविराज! दोन्ही हातांत दुधाचे रिकामे कॅन, अंगात चौकड्याचा शर्ट, आणि चेहऱ्यावर ते हसू… त्या हसण्यात काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी या माणसाच्या दुधात मी पाणी पकडलं होतं. मशीननं चार टक्के दाखवलं. त्यानं सगळ्या रांगेसमोर आईची शपथ घेतली. मी त्याच्या पावतीवर लाल पेननं 'नापास' लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यानंतर तो डेअरीत फिरकलाच नाही.

मला आधी मशीनचीही गरज नसायची. दुधाचा थेंब जिभेवर ठेवला की म्हशीनं सरकी खाल्लीय की नुसता कडबा, ते मी सांगायचे. पण केमो सुरू झाल्यापासून त्याच जिभेवर चोवीस तास एक रुपयाचं नाणं ठेवल्यासारखं वाटायचं. काखेतल्या गाठीबद्दल आष्टीत फक्त तिघींना ठाऊक होतं - मी, आई आणि डेअरीतली माझी मैत्रीण करिष्मा. बाकी सगळ्यांना आम्ही 'पोटाचं दुखणं' सांगितलं होतं. आणि आता हा चौथा. सूड उगवायला याला आयतं कोलीत मिळालं होतं.

"तुम्ही इथं कशाला?" मी विचारलं.

"कँटिनला दूध घालतो. तुमी तिकडं नापास केलं, मग हिकडं गिऱ्हाईक शोधलं." त्यानं माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. आईनं दिलेला उपमा तसाच होता. "चमचा बी स्टीलचाच हाय का?"

"मग काय सोन्याचा असणार?"

"लाकडाचा घ्या. आन् गरम खाऊ नका, पार गार होऊ द्या. गरम अन्नाचा वास लई येतो ना… त्या वासानंच मळमळतं. हितं आहाराच्या टेबलावर सायली मॅडम असत्यात, त्या समद्या पेशंटला असंच सांगत्यात."

मी कसली पेशंट आहे हे त्यानं विचारलं नाही. त्यामुळे तर माझा संशय आणखी वाढला. जो विचारत नाही, त्याला आधीच कळलेलं असतं.

आमच्या घरात आजारी माणसानं गरमच खायचं, असा कायदा आहे. वाफाळती खिचडी, वाफाळतं सूप, वाफाळती पेज. आई, म्हणजे केशरबाई, ताटावर ओणवी होऊन फुंकर घालायची आणि ती वाफ सरळ माझ्या नाकात जायची. मी तोंडावर हात दाबून मोरीकडे पळायचे. मग आई दाराआड जाऊन डोळे पुसायची आणि पुन्हा नव्यानं काहीतरी गरम करायला घ्यायची. एक्कावन्न किलोची मी साडेत्रेचाळीसवर आले. डॉक्टर म्हणाले, "आम्रपाली, त्रेचाळीसच्या खाली गेलीस तर चौथा डोस पुढं ढकलावा लागेल. आणि मला तो ढकलायचा नाहीये." दोन डोस झाले होते. तिसरा झाल्यावर काय शिल्लक राहील, याची मला रोज भीती वाटायची.

तिसऱ्या डोसनंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, आमच्या दारात पिकअप थांबली.

"मॅडम, दूध."

"आम्ही दूध लावलेलं नाही."

"लावू नका ना. निस्तं टेस्ट करा." त्यानं काचेची बाटली पुढे केली. बाहेरून दवबिंदू जमलेली, गार. सोबत एक लाकडी चमचा, नवाकोरा. "उकळून गार केलंय. बर्फाच्या पेटीत आणलंय. बर्फ बाटलीच्या बाहेर, आत न्हाई."

"माझं घर कुणी दाखवलं?"

"आष्टीत कुनाचं घर दाखवावं लागतं?"

"आणि हे कशासाठी? मी रजेवर आहे. मी आता कुणाचं दूध पास करत नाही."

"म्हनून तर आणलं," तो म्हणाला. "तुमी कामावर असत्या तर लाच झाली असती."

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. आमच्या घराच्या दारावर निळी कमान आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर दारातूनच दिसते. दूध घेऊन येणारा माणूस पाटलाच्या वस्तीवरचा. आई माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी जास्त संशयी. ती एवढंच म्हणाली, "आत या. चहा घ्या." मला तिची परीक्षा कळली. असे पुष्कळ जण तिनं पाहिले होते - दारात गोड बोलणारे, आणि चहाचं नाव काढलं की ज्यांना एकदम घाई होते असे.

तो आत आला, भिंतीला टेकून बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "काकू, अजून आर्धा कप मिळंल का? आलं झ्याक पडलंय."

तो गेल्यावर आई म्हणाली, "पोरगं बरं हाय." मग थोड्या वेळानं, "पर कशापायी आलतं?"

तेच तर मला कळत नव्हतं. मी दूध आधी नाकाशी नेलं. वास नाही. लाकडी चमच्यानं एक घोट घेतला आणि मोरीकडे पळायच्या तयारीत बसून राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी बसूनच होते.

मग तो रोजच यायला लागला. एक दिवस ज्वारीची आंबील, गार आणि पातळ. एक दिवस उकडून गार केलेल्या बटाट्यावर जिरेपूड. एक दिवस लिंबाच्या पाण्याचे छोटे छोटे बर्फाचे खडे, उकळलेल्या पाण्याचे, घरी केलेले. दूध मात्र दररोज. मी करिष्माकडून जुनं पावतीपुस्तक मागवलं आणि प्रत्येक पदार्थाला पावती फाडायला लागले.

"बटाटा?" तो उंबऱ्यापाशी उभा राहून विचारायचा.

"पास."

"आंबील?"

"नापास. लसणाचा वास येतो."

"लसूण घातलाच न्हाई, मॅडम!"

"मग तुमच्या हाताला येत असेल."

तो हात हुंगून बघायचा, दोन्ही बाजूंनी, आणि मला हसू यायचं. महिनाभरात मी हसले नव्हते. एकदा हसताना स्कार्फ सुटला. मी घाईघाईनं सावरायला गेले… त्यानं नजर वळवली नाही, पण टक लावूनही पाहिलं नाही. "लिंबाचे खडे राहिले सांगायचे," तो म्हणाला.

"पास," मी म्हणाले.

अकरा वाजत आले की माझे कान रस्त्याकडे लागायचे. पिकअपचं सायलेन्सर फाटलेलं होतं, तिचा आवाज वळणावरूनच ओळखू यायचा. तो आवाज आला की मी आरशात पाहायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. भुवया उरल्या नव्हत्या, आणि निघाले होते नटायला! याला माझ्यात काय दिसतंय? दया आली असेल. नाहीतर काहीतरी हवं असेल. फुकट कुणी काही देत नाही हे मी पाच वर्षं डेअरीच्या खिडकीत बसून शिकले होते.

आणि मग एका सकाळी बाटली कलती केली, तर दूध काचेवरून सावकाश खाली उतरलं. फार सावकाश, निव्वळ दुधापेक्षा दाट. माझी जीभ गेली होती, पण डोळे शाबूत होते.

त्याच दिवशी करिष्मा भेटायला आली. मी अर्धी बाटली नमुन्याच्या शिशीत भरून तिच्या हातात दिली. "मशीनला लाव. कुणाला सांगू नको."

संध्याकाळी तिचा फोन आला. "आमे, हे दूध कुठलं हाय?"

"का?"

"एसएनएफ तेरा आलंय."

फॅट सोडून दुधात जो घट्ट भाग असतो, त्याला आम्ही एसएनएफ म्हणतो. म्हशीच्या दुधात तो नऊच्या आसपास.

"उकळल्यावर जरा वाढतं, पर तेरा?" करिष्मा म्हणाली. "असली म्हैस आख्ख्या तालुक्यात न्हाई. पावडर हाय त्यात. सरळ सरळ भेसळ."

मी फोन ठेवला. मला रडू आलं. गाठ निघाली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. इतके दिवस मी डोळे झाकून ते दूध प्याले होते. ज्या माणसावर संशय घ्यायचं सोडून द्यावं असं वाटायला लागलं होतं, त्यानंच…

दुसऱ्या दिवशी मी दारातच पावती फाडून ठेवली होती. लाल पेननं लिहिलेली.

"पावडर घालता दुधात?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "घालतो. पर मॅडम, ऐकून तर…"

"किती दिवस?"

"पयल्या दिवसापासनं."

"आजारी माणसाला? माझ्यासारखीला?" मी पावती त्याच्या हातात कोंबली. "पुन्हा या दारात येऊ नका."

मी दार लावलं. पिकअप बराच वेळ सुरू झाली नाही. मग झाली, आणि वळणावरून तिचा आवाज विरत गेला. आईनं त्याचा चहाचा कप धुवून फळीवर पालथा घातला.

तीन दिवस मी जेमतेम पेज प्याले. चौथ्या दिवशी डोसची तारीख होती. वजनकाट्यावर चढताना मी डोळे मिटून घेतले. त्रेचाळीसच्या खाली जाणार, हे मी मनात धरलंच होतं.

"चव्वेचाळीस पूर्णांक दोन," सिस्टर म्हणाली.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले. "पुन्हा बघा."

पुन्हा चव्वेचाळीस पूर्णांक दोन. तिसऱ्या डोसनंतर वजन वाढलेलं! डॉक्टरांनी मला आहाराच्या टेबलाकडे पाठवलं. तिथं चष्मा लावलेली एक हसरी बाई बसली होती. तिनं माझा कागद पाहिला.

"आम्रपाली, आष्टी? म्हणजे रविराजची पेशंट तूच! पचतंय ना ते पावडर घातलेलं दूध?"

"पावडरचं तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मीच सांगितलं त्याला," सायली मॅडम म्हणाल्या. "दोन घोटच पोटात जाणार असतील, तर त्या दोन घोटांत जास्तीत जास्त प्रोटीन जायला हवं. म्हणून दुधात दूध पावडर. पण म्हटलं, तिला सांगून दे. तर म्हणाला, 'मॅडम, ती डेअरीतली हाय. माझ्या हातचं मिसळलेलं दूध ती जल्मात प्यायची न्हाई.' खूप विचारायचा हो… कोणती पावडर, किती चमचे, उकळल्यावर घालू की आधी. एवढी चौकशी तर पेशंटचे नातेवाईकसुद्धा करत नाहीत."

माझ्या कानात सिस्टरचे आकडे वाजत होते. चव्वेचाळीस पूर्णांक दोन.

कँटिनच्या मागे तो कॅन विसळत होता. मला पाहून उभा राहिला, आणि हातातल्या कॅनमधलं पाणी त्याच्याच चपलांवर सांडलं.

"किती?" त्यानं विचारलं. बाकी काही नाही. फक्त, "किती?"

"चव्वेचाळीस पूर्णांक दोन."

त्यानं डोळे मिटले आणि जोरात श्वास सोडला. मग शर्टाच्या खिशातून माझी पावती काढली. घामानं लाल शाई फुटली होती. "मग ही वापस घ्या. भेसळ केली म्हनून नापास केलं, ते बरोबरच हाय. पर माल वाया गेला न्हाई."

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"सांगणारच होतो. रोज ठरवायचो. पर तुमी बाटली तोंडाला लावायच्या, आन् मला वाटायचं, आज नको… आज पिऊ दे."

मी त्याच्याकडे पाहिलं. अजून एक शंका उरली होती, दोन वर्षांची. ती तशीच ठेवून मला पुढे जाता येणार नव्हतं.

"एक खरं सांगा. त्या दिवशी, डेअरीत… पाणी घातलं होतं का?"

त्यानं कॅन खाली ठेवला. नाही म्हणाला असता, तर मला खरं कधीच कळलं नसतं.

"घातलतं," तो म्हणाला. "दीड लिटर. एक म्हैस आटली होती, माप भरत नव्हतं."

"आणि आईची शपथ?"

"आई मला लई बोलली त्यावरनं. पंधरा दिवस बोलत होती." तो चपलांकडे पाहत म्हणाला. "समदी रांग माझ्या बाजूनं होती, मॅडम. एकट्या तुमी मान हलवत नव्हत्या. मी घरी गेलो आन् तुमचीच आठवण यायला लागली. आधी रागानं यायची. मग… राग गेला, आठवण राहिली. त्या दिवसापासनं पान्याचा थेंब घातला न्हाई. तुमी मला लई आवडता. आत्ताच आवडाया लागल्या असं न्हाई. दया म्हनून तर न्हाईच न्हाई."

माझी जीभ खोटं सांगत होती, आरसा नको ते दाखवत होता. पण या माणसाला स्वतःचं पाप कबूल करताना मी समोर पाहिलं होतं. माझा विश्वास बसला. आणि बसला म्हणून मला फार हलकं वाटलं.

"घरी काय सांगणार आहात?" मी विचारलं. "आमच्या दारावर निळी कमान आहे."

"आईला सांगितलंय. चार दिवस बोलली न्हाई. काल म्हनाली, पोरगी काय खाते ते तरी नीट इचारून ये."

आतून सिस्टरनं माझं नाव पुकारलं. चौथा डोस तयार होता.

मी पर्समधून लाल पेन काढलं, त्याच्या हातातली पावती कॅनच्या झाकणावर ठेवली आणि 'नापास'मधला 'ना' खोडला. मग खाली सही केली, कामावर करायचे तशी, पूर्ण नावानं.

"उद्यापासून पावडर किती चमचे घातली ते मला सांगायचं," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज. आणि मला मॅडम म्हणायचं नाही."

"मग काय म्हनू?"

"सहीत लिहिलंय, वाचा," मी म्हणाले आणि आत गेले. सुई टोचताना दरवेळी मी डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशी खिडकीतून पाहत राहिले. पिकअपपाशी उभा राहून तो ती पावती वाचत होता, ओठ हलवत, पुन्हा पुन्हा.