गाण्यानंतरचं अर्धं मिनिट

ही गेल्यावर आठव्या महिन्यात हिचं नवीन गाणं माझ्याकडे आलं. संगीत संयोजकानं पाठवलं होतं. ते हिच्या नावानं बाजारात आणायला माझी सही हवी होती.

हिनं सव्वीस वर्षं पॉप गाणी गायली. ओळ उचलण्याआधी मुद्दाम ऐकू येईल असा श्वास घ्यायची. आज निम्म्या गायिका तसाच घेतात. सगळी गाणी आमच्या घरातल्या मागच्या खोलीत झाली. ही आत, मी काचेपलीकडे यंत्रावर. शेवटचं वर्ष वाईट गेलं. छातीच्या आजारामुळे एकेक ओळ तीन तुकड्यांत घ्यावी लागायची.

या गाण्यात ओळी सलग होत्या.

मला मेहुणीचा संशय आला. हिची धाकटी बहीण, आवाज मिळताजुळता, आणि त्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे. संयोजक गेल्याच महिन्यात, जपून ठेवतो म्हणून, यंत्रातलं सगळं उतरवून घेऊन गेला होता. दोघांचं संगनमत असणार. हिच्या नावावर खोटं गाणं मी खपू देणार नव्हतो.

मेहुणीला सरळ विचारलं. ती रडली नाही की चिडली नाही.

"भाऊजी, ताईची नक्कल जमली असती तर विसाव्या वर्षीच केली असती. बँकेत चेक वटवत कशाला बसले असते?"

मग तीच म्हणाली की तिघांनी एकत्र ऐकू या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संयोजकाच्या स्टुडिओत गेलो. मी त्याला सगळी वाद्यं बंद करायला सांगितली. नुसता आवाज राहिला. संयोजक चहा ढवळत होता, तो थांबला.

गाणं संपलं.

आमची एक पद्धत होती. गाणं झालं की अर्धं मिनिट दोघांनीही हलायचं नाही. तेवढा वेळ नुसत्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. पुढे तुकडे जोडताना फटीत ती भरता येते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संयोजक यंत्र बंद करायला निघाला, तसा मी त्याचा हात धरला.

खोली आमचीच होती. रस्त्याकडच्या खिडकीची बारीक थरथर मी झोपेतही ओळखेन. पण खोली घुमत होती. आमची खोली घुमत नसे, कारण भिंतभर कपाटात हिचे कपडे ठासून भरलेले असत. ते कपाट मी ही गेल्यावर तिसऱ्या महिन्यात रिकामं केलं.

मी आवाज वाढवायला सांगितला.

रेकॉर्डिंगमधल्या त्या शांततेत, खोलीच्या दाराबाहेर एक पुरुष बोलत होता. तो मीच होतो. फोनवर सांगत होतो की कपाट रिकामं केलंय, गाठोडी बांधून ठेवलीत, संध्याकाळी येऊन घेऊन जा.

मेहुणीचा चेहरा उतरला.

"हा फोन तुम्ही मलाच केला होता," ती म्हणाली. "मी बँकेत होते."

शांततेच्या अगदी शेवटी, माईकपासून तोंड जरा वळवून, ही म्हणाली, "अजून एकदा घेऊ."

हिनं असं म्हटलं की तो टेक बाद. तसा टेक आम्ही कधी घराबाहेर जाऊ दिला नाही.

मी सही केली नाही. गाणं खोटं नाही, पण पुरं झालेलं नाही, एवढंच सांगितलं.

"मग कधी होईल?" संयोजकानं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

घरी येऊन मी मागची खोली उघडली. धूळ साचली होती. माईकची दांडी हिच्या उंचीला लावलेली; आठ महिन्यांत मी तिला हात लावला नव्हता.

आता ती हिच्या उंचीपेक्षा चार बोटं वर होती. दांडी कसायच्या पेचावरची धूळ विस्कटलेली नव्हती.

इतकी वर्षं काचेपलीकडे बसलेला मी समोर जाऊन उभा राहिलो. माईक बरोबर माझ्या ओठांशी आला.