पेटीतला बर्फ

थोरल्याच्या लेकीला पहिलं बाळ झालं, त्या सालची ही गोष्ट. लेक खिंडीपलीकडच्या खोऱ्यात दिली होती. दरड कोसळून तिकडचा रस्ता बंद झाला आणि पाठोपाठ खोऱ्यात घटसर्पाची साथ शिरली. लहान पोरं श्वास कोंडून दगावू लागली. तेव्हा एका परदेशी मदतसंस्थेनं गार पेटीत भरून लस पाठवली. औषध आणि नर्स संस्थेची, वाटाड्या गावचा, अशी त्यांची रीत होती.

वाटाड्या म्हणून निवडला कोण? धाकटा भाऊ!

थोरल्याला ते खपलं नाही. खेचरं हाकण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. धाकट्याला बोट धरून चालायला त्यानंच शिकवलं होतं. आणि आज तोच धाकटा संस्थेचं नारिंगी जॅकेट घालून, कानाला वायरलेस लावून पुढं चालला होता. थोरला खेचराच्या शेपटीमागं!

"दादा, पेटी सांभाळ," धाकटा म्हणाला. "लस तापताही कामा नये आणि गोठताही कामा नये."

"गार ठेवायच्या वस्तूला गारठ्याचं भय? हे तुला त्या वायरलेसनं सांगितलं का?"

नर्सबाई हसल्या. धाकटाही हसला, ते थोरल्याला जास्त झोंबलं.

दुपारी ऊन चढलं. पुढची वाट तपासायला धाकटा आणि बाई वर गेली. थोरला एकटाच उरला. काळजी कशी घेतात ते आता दाखवतोच याला! त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि कपारीतला कडक बर्फ खरवडून वरून ठासून भरला.

संध्याकाळी खिंडीतल्या दगडी झोपडीत बाईंनी पेटी उघडली.

"हे कोणी केलं?" त्यांनी एक बाटली हलवून उजेडात धरली. तळाशी चोथा बसत गेला. "गोठली ही! आता टोचून काही उपयोग नाही. वरचा सगळा थर गेला!"

थोरल्यानं ओले हातमोजे खिशात कोंबले. धाकट्यानं एकदा भावाकडं पाहिलं.

"चूक माझी, बाई. बर्फ मी भरला."

बाईंनी त्याला असं फैलावर घेतलं की तो मान खाली घालून बसला. थोरल्याला बरं वाटायला हवं होतं. तो आणखीच जळला. जॅकेट याचं, वायरलेस याचा, आणि आता मोठेपणाही याचाच! माझी चूकसुद्धा पळवली यानं!

सकाळी खेचर झोपडीत बांधून, पेटी बाईंच्या पाठीवर देऊन, तिघं एका दोरानं उतरू लागली. उतार काचेसारखा गुळगुळीत. खाली दरी.

धाकट्याचा पाय सुटला!

सर्रकन गेला. दोर ताणला. थोरल्यानं मागं रेलून टाचा रोवल्या. तळहात सोलले.

"दादा, ओढ!"

"आधी बाईंना खरं सांग! बर्फ कोणी भरला?"

"अरे, लटकतोय मी इथं!"

"सांग!"

"तू भरलास! तूच! आता तरी ओढ!"

"मला कालच कळलं होतं!" दोराला झोंबत बाई ओरडल्या. "हातमोजे तुमचेच ओले होते! ओढा आधी!"

दोघांनी जीव खाऊन ओढलं. धाकटा वर आला, नाक फुटलेलं, ओठ निळे. थोरल्यानं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि एक सणसणीत शिवी हासडली.

खोऱ्यात पोहोचल्यावर लस मोठ्यांना पुरली नाही. लहानांनाच मिळाली. बाळाच्या मांडीत सुई गेली, त्यानं टाहो फोडला आणि थोरल्याचे डोळे भरून आले. लेक धावत आली, ती मात्र काकाच्या गळ्यात पडली!

"दुसरी पेटी आणायला मी जाणार," थोरला म्हणाला, आणि कुणी नको म्हणायच्या आत निघालाही.

बाळ जगलं. थोरल्यानं दुसरी पेटी नीट पोहोचवली, म्हणून पुढच्या हिवाळ्यात संस्थेनं त्यालाच वाटाड्या केलं. तो पेटी घेऊन दुसऱ्या खोऱ्यात गेला असताना, बर्फ वितळायच्या आधी, धाकटा न्यूमोनियानं घरी वारला.