चौथ्या पासिंगला गैरहजर

साहेब, तुम्ही माझी गाडी तीनदा नापास केली आणि चौथ्यांदा स्वतःच पळून गेलात. दुसऱ्यांना नियम दाखवणाऱ्या माणसानं असं पळायचं असतं का?

तुमचं नाव लिहीत नाही. छातीवरच्या पट्टीवर तीनदा वाचलंय, पण तुमची सरकारी नोकरी आहे आणि माझी जीभ जरा सैल आहे. मी भावना. सक्करदऱ्यात बाबांचं गॅरेज आहे, त्यांचे गुडघे गेल्यापासून मीच चालवते. कॉलेजात दोन वर्षं बसले, पण शिकले ते गाडीखाली पाठीवर पडून. आणि ती बोलेरो माझी आहे. वय पंधरा वर्षं. म्हणजे यंदा पुन्हा पासिंग, नाहीतर भंगार. मी क्लच सोडायला शिकले ती याच गाडीवर. दर हिवाळ्यात आमची चार-पाच गाड्यांची टोळी नदीच्या पात्रात, दगडाधोंड्यांच्या वाटेनं जाते, तेव्हा फसलेल्यांना ओढून काढते तीही हीच. ती भंगारात गेली असती तर मी काय केलं असतं, ते मला अजून माहीत नाही.

पहिल्या दिवशी आरटीओच्या मैदानावर गाड्यांची रांग होती. तुम्ही आलात आणि आधी गाडीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. बाकीचे उलट करतात. मालक कुठं आहेत म्हणून विचारलंत. मी म्हटलं, समोर उभे आहेत, अंगावर ऑइल आहे म्हणून ओळखू येत नसतील. तुम्ही रजिस्टर तोंडापुढे धरलंत. हसलात ना तेव्हा? मला कान दिसत होते. हसताना तुमचे कान वर जातात.

आणि मग त्याच रजिस्टरात लिहिलंत — टायर मापापेक्षा रुंद, पुढे लोखंडी गार्ड, टपावर चार दिवे. नापास.

गेटबाहेर कडुनिंबाखाली शालिकराम फॉर्म भरत बसतात. त्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाले, अशी सजवून पासिंगला कोणी आणते का वं, साधे टायर एका दिवसापुरते कोणाकडून तरी आण. सगळ्या शहरात हेच चालतं. मीही शेजारच्या गॅरेजातून चार टायर उसने आणले, गार्ड उतरवला, दिवे उतरवले आणि पंधरा दिवसांनी परत आले.

तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत. मग इस्त्रीच्या पँटीनिशी सरळ धुळीत गुडघा टेकलात आणि चाकावर टेप धरलात.

"टायर उसने आणले. उंची कुठं लपवाल?"

दोन इंच. मी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी दोन इंच उचलली होती, दगडावर खालून घासू नये म्हणून. मला राग आला. मी विचारलं, उंच गाडी आवडत नाही का तुम्हाले?

"मले आवडते," तुम्ही टेप गुंडाळत म्हणालात. "नियमाले नाही आवडत."

मले... टेबलावर बसलेले असताना तुम्ही सगळ्यांशी 'मला' बोलता, मी ऐकलंय. धुळीत गुडघा टेकून माझ्याशी बोलताना काहून बदललं? आणि आवडते ते काय, गाडी की आणखी काही? कागदावर तर 'नापास' एवढंच होतं. मी तो कागद घरी नेला आणि पुन्हा पुन्हा वाचला. त्यात 'नापास'च होतं.

मग मी जुने पाटे शोधले, घासले, गाडी लोखंडी घोडीवर चढवली आणि एका संध्याकाळी मूळ उंचीवर आणली. बाबा खाटेवरून पाहत होते. मध्येच म्हणाले, काहून हसून राहिली वं? मी म्हटलं, हसत नाही, पाना सरकला.

तिसऱ्या वेळी अवकाळी पाऊस आला. डिसेंबरात, भर दुपारी. बाकीची रांग झाडांखाली पळाली, तुम्ही मात्र म्हणालात चक्कर मारून पाहू आणि डावीकडे येऊन बसलात. बाही ओली, केस ओले, मांडीवर फाइल. वायपर एकच चालू होता, तो माझ्या बाजूचा. तुमच्या बाजूच्या काचेतून तुम्हाला काहीच दिसत नव्हतं, तरी तुम्ही समोरच बघत होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये मैदानाला फेरी मारली. तुम्ही म्हणालात, अजून एक. मी अजून एक मारली. मग तुम्ही म्हणालात, थांबा.

मी थांबले. टपावर पाऊस वाजत होता. तुम्ही माझ्याकडे वळलात, एकदा घसा साफ केलात...

"एक सांगायचं होतं. राग नका मानू."

"सांगा ना."

"मागून आवाज येऊन राहिला."

साहेब, त्या क्षणी मी तुम्हाला पावसात उतरवून द्यायला हवं होतं. मी विचारलं, हे कोणत्या कलमात बसतं? तुम्ही म्हणालात, कलमात नाही बसत, पण चेसिसवर नदीचा गाळ वाळलाय, तुम्ही ही गाडी उतारावर नेता, असा आवाज घेऊन नेऊ नका. आणि नापास लिहिलंत. घरी येईपर्यंत मला कळत नव्हतं की मी गाडीसाठी चिडले आहे की त्या 'एक सांगायचं होतं'साठी.

रविवारी सकाळी तुम्ही गॅरेजात. चौकडीचा शर्ट, स्कूटर, हातात काहीच नाही. बाबांनी खाटेवरून जय भीम घातला. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, जय भीम, काका. आडनाव पाहता मला वाटलं होतं अडखळाल. त्या आडनावाचा प्रश्न कधी उभा राहिलाच तर तुमच्या घरी राहील, आमच्या नाही. तो चढ आला की पाहू.

मग तुम्ही एक पोतं ओढून गाडीखाली शिरलात. मागच्या पाट्याच्या टोकात बोल्टभोवती बसतो तो रबरी बुश दाखवलात. पिळवटून फाटला होता. मी स्वतः बसवलेला, महिनाही झाला नव्हता. बाबांनी लगेच विचारलं, बोल्ट हवेत आवळला का तू?

बाराव्या वर्षापासून बाबांनी मला एकच गोष्ट शंभरदा सांगितली आहे. गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत असताना पाट्याचा बोल्ट नुसता हातानं लावायचा. मग गाडी जमिनीवर उतरवायची, तिचं वजन पाट्यावर येऊ द्यायचं आणि तेव्हाच शेवटचा आवळ द्यायचा. उलटं केलं तर आतला रबर पिळलेला राहतो आणि पहिल्या खड्ड्यांत फाटतो. ही चूक शिकाऊ करतात. मी कधीच केली नव्हती.

त्या संध्याकाळी केली. का केली ते आता ऐका... मी पाना फिरवत होते आणि मनात तुमचं 'मले आवडते' चालू होतं. बोल्ट हवेत आहे की जमिनीवर, मला भान नव्हतं. म्हणजे चूक तुमच्यामुळे झाली आणि नापासही तुम्हीच केलंत. वर तुम्ही बरोबर निघालात. नदीच्या उतारावर पाटा निसटला असता तर मी आज हे लिहायला नसते.

आपण नवा बुश टाकला. गाडी खाली उतरवली. लांब पान्यावर तुमचे दोन हात आणि माझे दोन. शेवटचा आवळ देताना तुम्ही श्वास रोखून धरला होता, मीही. तुमच्या शर्टाला ग्रीस लागलं. मी चिंधीनं पुसायला गेले आणि जास्तच पसरलं. तुम्ही म्हणालात, राहू द्या. मला वाटलं डाग राहू द्या म्हणताय. आता वाटतं हात म्हणत असाल. कोणाला विचारू?

पुढच्या रविवारी परत आलात. चहा पिताना सांगितलंत, वडील गडचिरोलीकडे वनखात्याची जीप चालवायचे, त्यांची गाडी कधीच उंच नव्हती, नीट होती. मापातलेच टायर घ्या पण खोल नक्षीचे, गाडीखाली काय सैल झालं ते दर सहलीनंतर हात लावून पाहा. सगळं गाडीबद्दल. बशी खाली ठेवलीत, बाबांना नमस्कार केलात आणि निघून गेलात. एक शब्द इकडेतिकडे नाही.

चौथ्या वेळी मैदानावर दुसरेच साहेब. वयस्कर, घाईतले. दहा मिनिटांत गाडी पास. पाच वर्षं बिनघोर. मी उड्या मारायला पाहिजे होत्या. मी रांगेत तुमचे कान शोधत होते.

शालिकराम म्हणाले, ते रजेवर नाहीत, आतच बसले आहेत, तुझ्या गाडीपुरतं लिहून दिलं त्यांनी. मला पटलं नाही. मग कागद हातात आले आणि त्यात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. 'सदर वाहनाची तपासणी मी करू इच्छित नाही. कारण : वैयक्तिक.'

वैयक्तिक म्हणजे? मी काय केलं? चहा वाईट होता? शर्ट वाया गेला म्हणून? चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. ते खूप वेळ हसले.

"ज्याच्यात जीव अडकला ते तपासाले इमानदार माणूस बसत नाही, पोरी."

मी विचारलं, गाडीत अडकला का? बाबा म्हणाले, ते त्याले विचार.

म्हणून विचारते आहे. तुम्ही माझे टायर पकडलेत, दोन इंच पकडलेत, बुशचा आवाज पावसात ओळखलात. तुमच्यासमोर मी सगळं काढून ठेवलं, हवेत आवळलेला बोल्टसुद्धा. आणि तुम्ही एका शब्दाच्या कारणावर सुटू पाहता?

माझं कारणही वैयक्तिक आहे, आणि मी ते पूर्ण लिहिते : मला तुम्ही आवडता.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता गॅरेजातून गाडी निघेल. डावीकडची सीट मी कोणाला दिलेली नाही. तिकडचा वायपर दुरुस्त केलाय, आता समोरचं दिसेल. त्या 'वैयक्तिक'पुढे तुमच्याकडून गाडी लिहायची राहिली होती की मी? लेखी नको, साहेब. सहाला येऊन सांगा — गाडी की मी?