बगळ्याच्या चोचीतला मासा

अरिबाचा बगळा टेबलावर होता, पण त्याच्या चोचीच्या जागी नवी कोरी कात्री होती आणि खाली नाव होतं सुकन्याचं!

सुट्टीतल्या त्या शिबिराचा विषयच असा होता, की घरातली एखादी वस्तू कागदावर ठेवायची आणि उरलेलं चित्र तिच्याभोवती काढायचं. कुणी गाळणीचा सूर्य केला, कुणी चिमट्याची मगर. अरिबाची अम्मी विड्या वळते. तिची पानं कापायची कात्री बगळ्याची चोच झाली. पण अम्मीला दिवसाकाठी हजार विड्या करायच्या, कात्री शिबिरात अडकवून कसं चालेल? म्हणून अरिबानं नुसता कागद जमा केला, चोचीची जागा मोकळी सोडून. पहिल्या नंबराला वर्षभर चित्रकलेचा वर्ग फुकट होता. एरवी तो वर्ग तिच्या घराला झेपणारा नव्हता.

तिला रडूच कोसळलं. तिचा चुलतभाऊ सोहेब मात्र चित्रावर वाकला होता.

"रडू नको की," तो हळूच म्हणाला. "तुजा मासा कुटं गेला बघ."

मासा कात्रीखाली दडला होता! अम्मीच्या कात्रीचं खालचं पातं टोकाला मोडलेलं आहे. ते जिथं संपतं, बरोबर तिथं अरिबानं निसटता मासा काढला होता. नव्या कात्रीच्या अख्ख्या पात्यानं तो झाकून टाकला होता.

दोघं धावत घरी गेली. अम्मीनं कुरकुरत पाव तासासाठी कात्री दिली.

परतली तेव्हा पाहुणे परीक्षक शिवयोगी सर चित्रं बघत होते. शेजारी शिबिर भरवणारे बापूसाहेब, म्हणजे सुकन्याचे वडील. सोहेबनं भोळा चेहरा करून विचारलं, माशाची नुसती शेपटीच का दिसते? बापूसाहेबांनी घसा खाकरला आणि ही नव्या पद्धतीची कला असल्याचं सांगून टाकलं.

तेवढ्यात अरिबानं नवी कात्री उचलली आणि अम्मीची ठेवली. अख्खा मासा मोकळा झाला. मोडकं टोक नेमकं त्याच्या तोंडाशी टेकलं होतं.

अरिबानं सुकन्याकडे पाहिलं. तिच्याच शेजारी बसून सुकन्यानं हा बगळा होताना पाहिला होता.

"मी नाही काढलं," सुकन्या अखेर म्हणाली. "अरिबानं काढलंय. बाबांनी माझं नाव लावलं."

नावं लावताना गडबड झाली असेल, असं बापूसाहेब पुटपुटले. मग नवी कात्री कुठून आली, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

सरांनी अरिबाला पहिला नंबर दिला, सोहेबच्या नजरेचं कौतुक केलं. मग सुकन्याला जवळ घेऊन ते म्हणाले, एवढ्याशा वयात एवढा खरेपणा! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीला चांगलं वळण लावल्याबद्दल बापूसाहेबांचं अभिनंदन झालं, आणि त्यांनी हात जोडून ते घेतलंही. अरिबाच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी हा शब्द एकाही मोठ्या माणसाच्या तोंडून निघाला नव्हता.

सुकन्या जवळ आली. तू रागावलीस का, असं तिनं विचारलं.

"सकाळपासून हितंच होतीस की," अरिबा म्हणाली. "तवा का न्हाय बोललीस?"

टाळ्या अजून सुकन्यासाठीच वाजत होत्या.