पाणी सुटलं

काठी गावाच्या वरच्या पाड्यावर डॉक्टर खांबेटे थुंकी गोळा करायला आले ते १९६२ च्या मे महिन्यात. माणसं एकेक करून काचेच्या नळीत थुंकत, आणि डॉक्टर दर वेळी साबणाने हात धूत. आमशा कारभाऱ्याच्या बायकोने, रुखमाबाईने, पुढे ठेवलेली भाकर त्यांनी बुटाच्या टोकाने बाजूला सारली.

"थुंकण्यापलीकडे यांचा विज्ञानाला काय उपयोग?" ते प्रकाशा गावच्या भाईदासला म्हणाले. भाईदास त्यांचा मदतनीस. तो हसला नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यालाही त्यांच्यातच जमा केलं.

कुणाच्या लाळेत कोणती प्रथिनं किती तयार होतात, हे त्यांना तपासायचं होतं. "जनुकं अंगभर असतात, भाईदास. नखांत, हाडांत. पण लाळेची जनुकं बोलतात ती तोंडातल्या ग्रंथींत. बाकीकडे गप्प."

पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळं होई. त्यात लाळ घातली की निळेपणा हळूहळू विरे. तुलनेसाठी एका नळीत लाळेऐवजी नुसतं पाणी घातलं होतं, भाईदासने सकाळी डोंगरातल्या कपारीतून भरून आणलेलं. ती नळी निळीच राहायला हवी होती.

तीच सगळ्यांच्या आधी नितळ झाली.

"पाण्यात थुंकता?" डॉक्टर आमशावर ओरडले. "जनावरं बरी!"

आमशाने नळी पाहिली. "कपारीचं पाणी हे. आम्ही नाही घेत, साहेब. उन्हाळ्यात कोरडीच असते ती. कोणी जवळ गेलं की पाझरते."

"कोणी जवळ गेलं की!" डॉक्टर कुत्सित हसले आणि नमुन्यासाठी काचेची बाटली घेऊन भरदुपारी स्वतःच निघाले. मागे भाईदास.

कपारीचे दगड ठणठणीत कोरडे होते. डॉक्टर जवळ गेले तसा वरच्या कडेला ओलावा चमकला. आणखी पुढे गेल्यावर थेंब पडू लागले. ते मागे सरले, थेंब थांबले. पुन्हा पुढे झाले, धार लागली.

"साहेब, मांगे सरा," भाईदास म्हणाला. "खावानं दिसनं का तोंडले पानी सुटस, तसं सुटी ऱ्हायनं हाई."

"अडाणी," म्हणत डॉक्टरांनी बाटलीसकट हात कोपरापर्यंत आत घातला.

पाणी कोमट होतं. बोटांना चिकट तार येत होती.

त्यांनी हात ओढला.

निघेना.

भाईदासने कमरेला मिठी मारून त्यांना मागे खेचलं. हात सुटला, बाटली आतच राहिली. कडक कांजीची बाही कोपरापर्यंत पोतेऱ्यासारखी लोंबत होती. बोटांची टोकं जास्त शिजलेल्या भातासारखी मऊ झाली होती.

उतार लागल्यावर डॉक्टरांना आवाज फुटला. "घाणेरडे लोक. नमुना दूषित आहे. फेकून दे ती नळी."

मागे कपारीत काच चावल्याचा आवाज झाला. भाईदासने वळून पाहिलं. ते दोघं आता बरेच लांब आले होते. तरी धार थांबली नव्हती.