शंखातलं पाणी

शर्वरीला चौथं वर्ष लागलं, तरी तोंडातून शब्द फुटेना. माधव नगरच्या त्या घरात तिचा बाप आल्हाद आणि आजी माई बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. पोरगी मात्र मुकी. तिच्या आईनं, मधुरानं, त्यापायी इंदूर पालथं घातलं. लेकीनं एकदा 'आई' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"इतके डॉक्टर केले, काही फर्क पडला का?" माई म्हणाल्या. "आता शंखातलं पाणी पाजू या."

शंख आल्हादनं कोकणातून, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून वेचून आणलेला. माई रात्री तो पाण्यानं भरून देव्हाऱ्यात ठेवायच्या आणि सकाळी नातीला चमचाभर पाजायच्या.

मधुरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिला हसू आलं.

"माई, हा पूजेतला शंख नव्हे. परदेशी समुद्री गोगलगाय आहे ही, जहाजांच्या बुडाला चिकटून आलेली. दुसऱ्यांच्या शिंपल्यांना भोक पाडून आतलं मांस खाते."

"रिकामा तर आहे. काय बिघडतंय?"

खरंच, काय बिघडणार होतं? तिनं स्वतःच तो उकळून काढला होता.

काही दिवसांनी मधुरानं चाखून पाहिलं, तर ते पाणी खारट लागलं. नळाचं पाणी गोडच होतं. मग देव्हाऱ्यातल्या देवीपुढच्या कवड्यांवर तिची नजर गेली. एकूण एक कवडीला गोल, गुळगुळीत भोक.

"कीड लागली असेल," माई पुटपुटल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ केली नाही.

शंख क्षिप्रा नदीत टाकायचा म्हणून मधुरानं तो उचलला, तोच मागून बारीक आवाज आला.

"आई."

ती लेकीला कुशीत घेऊन ढसाढसा रडली. शंख मुकाट्यानं जागेवर गेला. इतक्या नवसांनी लाभलेला शब्द कोण पणाला लावणार?

शर्वरी आता दिवसभर एकच सांगायची, "आई, भूक." ताट मात्र तसंच राहायचं. शंखातल्या पाण्यापलीकडे ती कशालाच तोंड लावेना. कडेवर घेतलं तर वजन लागेना.

"दात दुखतोय का, सोन्या? आ कर बघू."

मधुरानं तिला खिडकीपाशी उजेडात नेलं.

दुधाचे दात ओळीनं पांढरेशुभ्र होते. प्रत्येकाला कवडीसारखंच एक गोल, गुळगुळीत भोक.

मधुराला तिच्या हनुवटीवरचा हात मागे घेववेना. शर्वरीचं तोंड उघडंच होतं. ओठ हलले नाहीत, जीभ हलली नाही.

आतून आवाज आला, "आई, भूक."