नंदूचा तिसरा नमुना

ही घटना खरी आहे. मी सतत विनोद करतो म्हणून माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते ठीक आहे. पण यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवायची इच्छाच उरलेली नाही.

तारीख अकरा नोव्हेंबर. मंगळवार. जागा देवनहळ्ळी, बंगळूर एअरपोर्टच्या जवळची आमची पत्र्याची लॅब. एका बाजूला द्राक्षाचा मळा, दुसऱ्या बाजूला 'प्लॉट विकणे आहे'चा बोर्ड.

वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारी. भुतं रात्री येतात असं तुम्ही या पेजवर वाचलं असेल. आमचं भूत जनरल शिफ्टचं होतं.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जमिनीखालच्या खाणीतून खनिज काढलं की मागे पोकळी उरते. एकेक पोकळी दहा मजली बिल्डिंगएवढी. ती तशीच ठेवली तर वरचं सगळं खाली येतं. म्हणून खनिज काढून उरलेला दगडाचा भुगा, सिमेंट आणि थोडं पाणी कालवून टूथपेस्टसारखा लगदा करायचा आणि पाइपातून परत त्याच पोकळीत भरायचा. पोकळीच्या तोंडाशी भिंत बांधतात, म्हणजे ओला लगदा बाहेर येत नाही.

हे सगळं डिझाइन करायचं काम माझं. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसात, एसीत बसून. लग्नासाठी बघायला आलेल्यांना मी सांगायचो, पृथ्वीचे दात भरतो.

अजून लग्न झालेलं नाही.

आणि बंगळूरपासून लांब, खाणीत उतरून ते प्रत्यक्ष चालवायचं काम नंदूचं.

मी नागपूरहून चार वर्षांपूर्वी इथे आलो. नंदूचं घराणं माझ्या आधी साडेतीनशे वर्षं. त्याचं मराठी ऐकून मी हसायचो, माझं ऐकून त्याची आई. तिला सगळे अंबुअक्का म्हणतात, नंदूसुद्धा. रविवारी मी जेवायला त्यांच्याकडेच.

"निहारा, हे सारू आहे. वरण म्हणशील तर ताट उचलीन."

तर, नमुने.

दर वेळी लगदा भरताना त्यातलाच थोडा घेऊन तीन नमुने करतात. पाण्याच्या बाटलीएवढे गोल ठोकळे. ते देवनहळ्ळीच्या लॅबमध्ये दमट खोलीत ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती जोर सोसला तो आकडा लिहायचा. प्रत्येक नमुन्याला एक कार्ड असतं. तारीख, पोकळीचा नंबर, आणि सगळ्यात खाली 'शेरा'.

शेऱ्यात काही लिहायचं नसतं. नंदू लिहायचा. माझ्यासाठी.

'चव घेतली. इंदिरानगरच्या पास्त्यापेक्षा बरी.'

'फोडताना हळू. याला लहानपणापासून ओळखतो.'

मी त्याच कार्डाच्या मागे उत्तर लिहून परत पाठवायचो. आमची मैत्री अशी, अठ्ठावीस दिवस उशिराने चालायची.

मग चौदा ऑक्टोबर आला.

दिवाळीला सहा दिवस होते. मी इंदिरानगरच्या एका दुकानात कुर्ता घालून बघत होतो. डोकं गळ्यात अडकलं होतं. तेवढ्यात नंदूचा फोन. मला तो 'गुरू' म्हणायचा, बंगळुरी 'यार'.

तीन वाजून दहा मिनिटं.

"गुरू, भरून झालं. पाइप धुवायचाय, पण बाहेरचा वॉल्व्ह जाम आहे. फिटर यायला स्वल्प वेळ आहे. पाणी आत सोडू की थांबू?"

भरून झालं की पाइप पाण्याने धुवावाच लागतो, नाहीतर आतल्या लगद्याचा दगड होतो. पण ते पाणी पोकळीत जाऊ द्यायचं नसतं. वॉल्व्हने बाहेर वळवायचं. ओल्या लगद्यावर पाणी चढलं की सगळा भार भिंतीवर येतो.

हा नियम आमच्या पुस्तिकेत आहे. पान चौदा. मीच लिहिलाय.

"सोड रे आत," मी कुर्त्यातूनच म्हणालो. "एक दिवस पाणी गेलं तर काय होतंय? दिवाळी आलीय. घाल आंघोळ."

तो हसला.

"सरी, गुरू." सरी म्हणजे ठीक.

बावन्न सेकंदांचा फोन.

पाणी सुटल्यावर नंदू भिंत डोळ्यांनी बघायला गेला. तसा तो होताच.

भिंत फुटली.

सोबतचा ज्योतिबा बाजूला फेकला गेला. त्याचा पाय गेला, जीव वाचला. नंदूला बाहेर काढायला दोन दिवस लागले.

आमचं मिश्रण उत्तम होतं. लवकर घट्ट झालं.

चौकशीत मला विचारलं, फोनवर काय बोलणं झालं?

मी म्हणालो, "नेटवर्क नव्हतं. नुसतं हॅलो हॅलो."

मग कागदावर असं आलं की, पाणी आत सोडायचा निर्णय नंदूने स्वतःच्या मनाने घेतला.

अंबुअक्काने तो कागद दोनदा वाचून घेतला. नंतर दर शनिवारी ती हॉस्पिटलमध्ये ज्योतिबाला फोन करायची. "माझ्या पोराच्या हातून चूक झाली, बाळा. पोटात घाल." आणि चिरोट्यांचा डबा पाठवायची. दिवाळीला नंदूसाठी करायचे होते ते चिरोटे.

पार्सलवर पत्ता मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे.

आता अकरा नोव्हेंबर.

चौदा ऑक्टोबरचे नमुने अठ्ठावीस दिवसांचे झाले होते. नंदूने त्या दिवशी सकाळी अकराला, स्वतःच्या हाताने केलेले. लॅब सांभाळणारी भव्या म्हणाली, "सर, तुम्ही नका येऊ. मी फोडते की."

मी गेलो.

पहिल्या कार्डाचा शेरा होता, 'हे वाचशील तोवर दिवाळीला घरी येऊन गेलो असेन. अक्काला सांगणार नाहीये, दारात उभा राहून ओरडणार आहे.'

मी ते कार्ड खिशात ठेवलं. नमुना फुटला. आकडा चांगला आला.

दुसऱ्याचा शेरा कोरा. तोही फुटला. आकडा त्याहून चांगला.

भव्या तिसरा आणायला दमट खोलीत गेली.

आणि तिथेच थांबली.

"सर... हे बघा की."

कार्डावर शेरा होता. नंदूचंच अक्षर.

'आत सोडू की थांबू?'

नीट ऐका. हे कार्ड सकाळी अकराला लिहिलेलं. वॉल्व्ह जाम झाला दुपारी. आणि त्याने काय विचारलं होतं ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

भव्याने कार्डावरून बोट फिरवलं. शाई पसरली.

ओली होती.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन दहा.

लॅबच्या मागच्या बाजूला आमचा चाचणीचा पाइप आहे. दसऱ्यापासून कोरडा, दोन्ही टोकं उघडी. एका टोकाला कोळ्याने जाळं केलंय.

त्या पाइपावर आवाज झाला...

टक्.

टक्. टक्.

वॉल्व्ह उघडण्याआधी नंदू पान्याने पाइपावर तीनदा मारायचा. आत कुणी असेल तर बाजूला व्हावं म्हणून. कुठल्याच पुस्तिकेत हे नाही. फक्त नंदूच करायचा.

त्यानंतर काहीच नाही. बाहेरच्या रस्त्याचा आवाजही नाही.

कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

"थांब," मी म्हणालो. "नंदू, थांब. फिटर येऊ दे. सोडू नको पाणी. थांब रे..."



आणि मग... पाइपातून पाणी वाहायला लागलं.

नुसता आवाज. मी धावत जाऊन हात घातला. पाइप कोरडा. कोळी जागच्या जागी. आणि आवाज आत, आत, आत जात राहिला.

"कुठं नळ सुटला काय?" भव्याने विचारलं.

आमच्या लॅबच्या मागे नळ नाही.

तिसरा नमुना मी फोडला नाही. कार्ड घेतलं आणि सरळ अंबुअक्काकडे गेलो. ती शनिवारच्या पार्सलचा दोरा बांधत होती.

मी सगळं सांगितलं. कुर्ता, वॉल्व्ह, पान चौदा, आंघोळ, नेटवर्क, आजचं कार्ड. जन्मात पहिल्यांदा मी सलग दहा मिनिटं बोललो आणि कुणी हसलं नाही.

तिने दोरा सोडला. पुन्हा गुंडाळला. मला वाटलं, आता मारेल. मारायला हवं होतं.

"म्हणजे त्यानं विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो, अक्का."

"माझं पोर विचारल्याशिवाय करत नाही काही. मी म्हणत होते सगळ्यांना." मग तिने कार्ड हातात घेतलं. "आज पुन्हा विचारलं, तर तू काय सांगितलंस?"

"थांब म्हणालो."

"थांब काय म्हणतोस, मुंडे!" ती पहिल्यांदाच ओरडली, कानडी शिवी घालून. "किती दिवस थांबायचं त्यानं तिथं, त्या चिखलात?"

तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं. नंदूच्या ओळीखाली लिहिलं.

'घरी ये.'

"हे परत बांध त्या दगडाला. आणि ज्योतिबाला आता तू फोन कर. मी नाही करणार."

मी केला. ज्योतिबाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीवाल्यांना खरं लिहून दिलं, देवनहळ्ळीला जाऊन कार्ड तिसऱ्या नमुन्याला बांधलं, आणि ऑफिसात येऊन नुसता बसून राहिलो.

दुपारी अंबुअक्काचा फोन आला. वेळ सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे.

ती कुजबुजत होती.

"निहारा... न्हाणीत कोणीतरी पाणी ओतून घेतंय."

"कोण, अक्का?"

"दार आतून लावलंय."

मागे मला ऐकू आलं. तांब्या. पाणी. तांब्या. पाणी.

"अक्का, बाहेर या. शेजारी जाऊन बसा. मी निघालोच."

"सावकाश ये," ती म्हणाली. "मी टॉवेल ठेवलाय दाराशी."

मग न्हाणीच्या दारावर आतून आवाज झाला...

तीनदा.

फोन कट झाला.

मी पोचलो तेव्हा अक्का ठीक होती. खुर्चीत बसलेली. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले, जरीची साडी. न्हाणीचं दार उघडं. फरशी कोरडी ठणठणीत.

टॉवेल दाराशीच होता. घडी मोडलेली. पूर्ण राखाडी.

उचलायला गेलो तर तो वाकेना.

दगड झाला होता. कुणीतरी अंग पुसून खाली टाकावा तसा, चुण्यांसकट, दगड. त्या रंगाचा लगदा बंगळूरमध्ये कुठेही बनत नाही. तो मिक्स माझा आहे, मला पाठ आहे.

अक्काने माझा हात धरला.

"अठ्ठावीस दिवसांनी फोडता ना तुम्ही?" तिने विचारलं. "हा फोडू नको."

टॉवेल अजून तिथेच आहे. तिसरा नमुनाही. भव्या सांगते, कार्डावर नवीन काही लिहिलेलं नाही, पण ती आता त्या खोलीत एकटी जात नाही. चौकशीवाल्यांनी मला पुन्हा बोलावलंय. अक्का मला जेवायला वाढते. माझ्याशी बोलत नाही. रोज शेजारी एक ताट जास्त मांडते.

आज टॉवेलचा सव्विसावा दिवस आहे.

परवा दुपारी मी तिथेच असेन.